घड्याळ कोणाचे, झोप कोणाची?

१/ पुण्यातील अभियंत्यास रात्री साडेनऊच्या ऑनलाइन बैठकीचे निमंत्रण येते, कारण सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि तीच बैठक इथे साडेदहावर सरकते. ही वेळापत्रकाची किरकोळ अडचण मानली जाते. माझ्या मते हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि मुंबईने तो शतकापूर्वीच विचारला होता.

२/ पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, तर कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. सूर्याच्या दरबारात तिन्ही वेळा खऱ्याच होत्या.

३/ रेल्वेला मात्र एकच वेळ हवी होती. तिने मद्रासची स्वीकारली. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत लागू केली. लोकविरोधापुढे १८८३ मध्ये हा निर्णय मागे घ्यावा लागला.

४/ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईचे घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे गेले. गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजणार, म्हणजे कामगाराने सूर्याच्या हिशेबाने तितके आधी उठायचे. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी निदर्शने केली. मुंबई महापालिकेने तर पुढे अनेक दशके ‘मुंबई टाइम’ जपला.

५/ हा हट्ट होता का? काही अंशी होता. समान वेळेवाचून आगगाड्या सुरक्षित धावल्या नसत्या. पण समान वेळ असणे ही गरज. तिची झळ कोणी सोसायची, हा निर्णय. गरजेच्या आडून निर्णय लादला गेला, यावर मुंबईकरांचा आक्षेप होता.

६/ आजच्या बैठकांनाही हाच भेद लागू पडतो. सर्वांना सोयीची वेळ पृथ्वीच्या गोलाईमुळे अनेकदा मिळतच नाही. मग गैरसोय तरी आळीपाळीने वाटावी: एका महिन्यात पुण्याने जागावे, पुढच्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोने. जे लिहून कळवता येते, त्यासाठी कोणालाच जागवू नये.

७/ नेहमी एकाच शहराची रात्र खर्ची पडत असेल, तर तो भूगोलाचा दोष नव्हे. निमंत्रण पाठवणाऱ्याने वेळ निवडली आहे. तिचे उत्तरदायित्वही त्याचेच.