अभिमानाने जखम भरत नाही

मधुमेही माणसाच्या पायाची जखम ही साधी जखम नसते. रक्तातील साखरेने नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे चपलेतला खडा दिवसभर टोचत राहिला तरी त्याची जाणीव होत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोचत नाही. तेथे जंतूंनी ठाण मांडले की आधी बोट, मग पाऊल आणि अखेरीस गुडघ्याखालचा पाय, अशा क्रमाने माणूस अपंग होत जातो. चीनमध्ये चौदा कोटींहून अधिक प्रौढ मधुमेही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. हा प्रश्न या दोन्ही प्राचीन देशांच्या घराघरांत शिरलेला आहे.

आमच्या पारंपरिक वनौषधी या जखमा भरून काढतात, असे चीन जगाला सांगत असतो. या दाव्यावर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग 'झाडपाला' म्हणून नाक मुरडतो. दुसरा वर्ग म्हणतो, 'त्यात काय नवल? आमच्या ग्रंथांत हे सारे हजारो वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.' पहिल्याचा न्यूनगंड आणि दुसऱ्याचा आत्मसंतोष, दोन्हींचे मूळ एकच आहे. ते म्हणजे बौद्धिक आळस. चीनने या क्षेत्रात नेमके काय केले आणि काय टाळले, हे पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

एकाच डबीत औषध आणि विष

मिंग राजवटीतील शल्यवैद्य छेन शीकोंग यांचा ग्रंथ १६१७ साली सिद्ध झाला. त्यात 'शंगची यूहोंग' नावाचे एक तांबडे मलम आहे. तिळाचे तेल, मेण, ज्येष्ठमधाची मुळी, रक्तवर्णी राळ आणि लाल रंग देणारी एक मुळी अशी त्याची घडण. चिनी वैद्य आजही न भरणाऱ्या जखमांवर ते वापरतात. त्यामागचा सिद्धान्त असा की, जखम कोरडी पाडू नये. ती ओलसर राखावी, म्हणजे खालून नवे मांस चढते. पाश्चात्त्य वैद्यक दीर्घकाळ जखम कोरडी ठेवण्याच्या मताचे होते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, ओलसर राखलेली जखम अधिक लवकर भरते. म्हणजे त्या जुन्या वैद्यांचे निरीक्षण पोकळ नव्हते.

परंतु त्याच मलमात आणखी एक घटक आहे. त्याचे चिनी नाव 'छिंगफेन', आणि तो आहे पाऱ्याचा क्षार! मधुमेहाने मूत्रपिंडे आधीच थकलेल्या रुग्णाच्या उघड्या जखमेवर पारा चोळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. शतकांचे शहाणे निरीक्षण आणि शतकांचे विष असे एकाच डबीत नांदत होते. परंपरा ही न निवडलेल्या धान्यासारखी असते. तिच्यात पोषण असते, तसे खडेही असतात. जो निवडण्याचे नाकारतो, तो परंपरेचा भक्त नव्हे. तो घरच्यांच्या ताटात खडे वाढणारा माणूस होय.

निवड न केल्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. नामसाधर्म्यामुळे एका मुळीच्या जागी दुसरीच, विषारी मुळी वापरली गेली होती. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' या समजुतीची ही किंमत!

राजाज्ञेने सिद्ध झालेले औषध

चिनी राज्यकर्त्यांनी या विद्येला राष्ट्राभिमानाचे वाहन बनविले. १९५८ साली माओंनी तिला राष्ट्राचे भांडार म्हणून गौरविले. २०१७ साली पारंपरिक वैद्यकाचा स्वतंत्र कायदा अमलात आला आणि त्यात अभिजात ग्रंथांतील योगांना रुग्णांवरील चाचण्यांतून सवलत मिळाली. २०२० मध्ये तर बीजिंगच्या एका नियमावलीच्या मसुद्यात पारंपरिक वैद्यकाची बदनामी करणाऱ्यास शिक्षा करण्याची तरतूद सुचविली गेली. ज्या विद्येला प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरू पाहतो, त्या विद्येवर तिच्या पाठीराख्यांचाच विश्वास नाही, असाच याचा अर्थ होतो.

जगाने या राजाज्ञेला भीक घातली नाही. मधुमेही पायाच्या उपचारांची दिशा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले की, जखम भरण्याच्या हेतूने वनौषधीयुक्त पट्ट्या वापरू नयेत. त्यासाठी पुरेसा विश्वासार्ह पुरावा नाही. यास पाश्चात्त्यांचा कट म्हणून उडवून लावणे सोपे आहे. त्याच मार्गदर्शिकेने अनेक आधुनिक पट्ट्या आणि मलमेही नाकारली आहेत, हे मात्र मग सोयीस्करपणे विसरावे लागते.

जेथे घाम गाळला, तेथे मान मिळाला

असे असले, तरी चिनी परंपरेतून जे खरोखर उभे राहिले, ते दृष्टीआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. थू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले, ते जुन्या ग्रंथाचे पारायण केल्याबद्दल नव्हे. चौथ्या शतकातील ग्रंथात हिवतापावरील वनस्पतीची नोंद होती. थू यांनी तिचा अर्क काढण्याची पद्धत बदलली, सत्त्व वेगळे काढले, आधी ते स्वतःवर आजमावले आणि मग रुग्णांवर तपासले. ग्रंथाने दिशा दाखविली. वाट मात्र प्रयोगशाळेत चालावी लागली.

मधुमेही जखमांच्या बाबतीत हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठात तेच झाले. तेथील संशोधकांनी अनेक वनस्पतींचा मोठा योग छाटत छाटत 'हुआंगची' आणि 'तिहुआंग' या दोनच मुळ्यांवर आणला, त्यांचे प्रमाण दोनास एक असे ठरविले आणि तो जखमेवर नेमका कसा काम करतो, हे पेशींवर आणि उंदरांवर तपासले. पूर्वजांचे सूत्र छाटण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. त्यात पूर्वजांचा अवमान झाला नाही.

सर्वांत बोलके उदाहरण तैवानचे आहे. तेथील एका कंपनीने दोन वनस्पतींच्या अर्कांपासून मधुमेही पायाच्या जखमेसाठी मलम बनविले. अमेरिका, चीन आणि तैवान येथील २३६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. प्रस्थापित शोषक पट्टी वापरलेल्यांपैकी सोळा आठवड्यांत ३५.१ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. मलम वापरलेल्यांत हे प्रमाण ६०.७ टक्के होते. हे निष्कर्ष २०२१ मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तैवानने मलमास मान्यता दिली. २०२३ मध्ये चीननेही ते नवे चिनी औषध म्हणून मान्य केले. एका चाचणीने सारे सिद्ध होत नाही, आणि चाचणी उत्पादकाच्या पुढाकाराने झाली असेल तर तिची फेरतपासणी अधिकच आवश्यक असते. तथापि, आकडे समोर ठेवून वाद घालता येईल अशा भूमीवर हे औषध उभे आहे.

परसातील पान आणि परक्यांचे मलम

या मलमातील दोन वनस्पती कोणत्या? एक मंडूकपर्णी, जिला चरकसंहितेने मेध्य रसायनांत स्थान दिले आहे. दुसरी महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या कुंडीत वाढणारा पानओवा, ज्याच्या जाड, सुगंधी पानांची भजी तळली जातात! दोन्ही वनस्पती येथे आहेत, वैद्य येथे आहेत, रुग्ण तर कोट्यवधी आहेत. मग ते मलम येथे का सिद्ध झाले नाही?

हळदीने जखम भरते या ज्ञानावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. तो विजय सार्थ अभिमानाचा होता. परंतु पेटंट मोडणे म्हणजे औषध सिद्ध करणे नव्हे. 'हे आमचे होते' एवढे सिद्ध झाले. 'हे किती रुग्णांत, किती दिवसांत, किती गुण देते' हा प्रश्न तसाच उरला. ग्रंथोक्त योगांना चाचण्यांतून सवलत देणारे नियम भारतातही आहेत. त्या सवलतीला सन्मान समजणे ही आत्मवंचना आहे. परीक्षेतून सूट मिळालेला विद्यार्थी गुणवंत ठरत नाही.

हे येथे अशक्य आहे, असेही नाही. भगंदरावरील क्षारसूत्राची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपेक्षा बरे होण्यास वेळ अधिक लागतो, पण व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी असते, असे त्यात दिसून आले. गुणाबरोबर उणेही सांगितले गेले, म्हणूनच क्षारसूत्राची प्रतिष्ठा वाढली. सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील किती उपक्रम मधुमेही पायाच्या जखमेवर अशा कसोटीस लावले गेले, हा प्रश्न आयुर्वेदाच्या निंदकांनी नव्हे, त्याच्या अभिमान्यांनी विचारला पाहिजे.

तोवर घरोघरी एक पथ्य पाळले जावे. मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळपाय रोज पाहावेत, त्यांना अनवाणी फिरू देऊ नये, आणि जखम दिसताच तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे. साखरेवर नियंत्रण, मृत मांस काढणे, जंतुसंसर्गाचा उपचार, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि जखमेवरील भार हटविणे, यांना कोणतेही पान पर्याय नाही. तैवानचे मलमही कारखान्यात शुद्ध केलेल्या अर्काचे आहे. कुंडीतले पान वाटून जखमेवर थापणे म्हणजे जंतूंना निमंत्रण देणे होय.

परंपरेचा वारसा हक्काने मिळतो. तिची विश्वासार्हता मात्र प्रत्येक पिढीला कमवावी लागते. चीनने जेथे कायद्याने ती मिळवू पाहिली, तेथे जगाने त्याला दाद दिली नाही. चिनी परंपरेतील संशोधकांनी जेथे ती कसोटीवर मिळविली, तेथे जगाला मान तुकवावी लागली. यांपैकी कोणत्या चीनचे अनुकरण करायचे, हे भारताला ठरवायचे आहे. त्या निर्णयाची वाट पाहत कुणाचा तरी पाय रोज थोडा थोडा कुजत आहे.