मुक्याच्या खात्यावर किती?

माझा भाचा करमाळ्याला असतो. वय सात. कान शाबूत. चुकलेली शेळी हुडकून आणतो, कॅरमला थोरांना हरवतो. पण चार शब्दांचं वाक्य जुळवताना अडतो. ‘मामा, भाकर... ती... तिकडं...’ आणि गप्प. गुरुजींनी निदान करून टाकलं : मठ्ठ. वर पुस्ती : ‘यांच्या वस्तीतली पोरं अशीच.’

दोस्तहो, पोरगं मठ्ठ नाही. असल्या अडचणीला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर असं नाव आहे. कान धड, समज धड, तरी भाषा नीट बसत नाही. आईबापाची चूक नाही, गरिबीचा शाप तर नाहीच नाही. इंग्लंडमध्ये नुकत्याच शाळेत बसलेल्या पोरांची पाहणी झाली, 2016 साली छापून आली. शंभरात सुमारे सात पोरं अशी निघाली. म्हणजे तीस पोरांच्या वर्गात दोन. तुमच्या वर्गातली ती दोन आठवतात? मागच्या बाकावरची? कधी शाळा सुटली त्यांची?

एवढी पोरं, मग संशोधन किती? डोरोथी बिशप या बाईंनी 2010 साली हाच हिशेब मांडला. ऑटिझमच्या मानानं भाषेच्या विकारावर कागद थोडे, पैसा त्याहून थोडा. ही गत श्रीमंत अमेरिकेची. हा आजार जीव घेत नाही, बोंब मारत नाही. जो बोंब मारत नाही त्याला देतो कोण?

आपल्याकडं म्हैसूरला 1965 पासून आणि वांद्र्याला 1983 पासून वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्था आहेत. 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत भाषेला उशीर हा मुद्दा आहे. पण 2016 चा अपंग हक्क कायदा बघा. वाचा-भाषेचं अपंगत्व म्हणजे मेंदूच्या किंवा अवयवाच्या कारणानं आलेलं, कायमचं. भाच्यासारख्या पोरात असं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. मग दाखला कशावर मागायचा?

कुणी म्हणेल, आधी उपचार द्या, संशोधन मागनं बघू. अरे, पण मापच नसेल तर उपचार कुणाला देणार? इंग्रजी चाचणी इंग्रजी पोराच्या चुका पकडते. मराठीत ‘भाकर खाल्ली’ म्हणायचं की ‘खाल्ला’, हे पोराला कितव्या वर्षी जमतं? करमाळ्याला कधी, धारावीत कधी, पारध्याच्या पालावर कधी? आमचं पोरगं ‘न्हाय’, ‘व्हय’, ‘म्या खाल्लं’ म्हणतं. ही त्याची बोली. विकार नव्हे. पुण्याच्या पुस्तकी मराठीची पट्टी लावली तर अख्खी वस्ती आजारी ठरेल, आणि खरंच अडलेलं पोरगं त्याच गर्दीत बुडेल. दोन्हीकडून मार आपल्यालाच. म्हणून पट्टी आपल्या बोलीत बनली पाहिजे, वस्तीत बसून, हजारो पोरांचं बोलणं ऐकून. याला वर्षं लागतात, माणसं लागतात. पैसा लागतो.

पैसा नाही म्हणू नका. देश संशोधनावर उत्पन्नाच्या शेकडा 0.64 इतकाच खर्च करतो, हे खरं. पण 2023 च्या कायद्यानं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान झालं, पाच वर्षांत 50,000 कोटींची बात झाली. 2013 च्या कंपनी कायद्यानं बड्या कंपन्यांना नफ्यातले शेकडा 2 समाजावर खर्चावे लागतात, आणि विद्यापीठांतलं वैद्यकीय संशोधन त्यात बसतं. गोदीत पेट्या आम्ही उतरवतो, त्यातल्या मालावर नफा होतो. त्यातला हिस्सा पोरांच्या जिभेसाठी मागितला तर ती भीक नाही.

आणि बार्टीच्या फेलोशिपवर पीएच.डी. करणाऱ्या दोस्तांनो, विषय शोधताय ना? हा घ्या विषय. टेपरेकॉर्डर घेऊन वस्तीत या. अर्ज टाका, नकार आला तर लेखी मागा, परत टाका. विद्यापीठाच्या दारात आम्ही तुमच्या मागं उभे राहू.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. तोंड असून बोलू न दिलेल्यांसाठी. माझ्या भाच्याला बोलायचंय, तोंड उघडतोय, शब्द सापडत नाही. त्याच्या वाटचं आता आपण बोलायचं. तो मोठा होईपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असेल.