छंदांच्या दुनियेत : कुपीतला यंत्रमानव

संग्राहकांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. आपणांस काय हवे हे पक्के ठाऊक असून त्याच्या शोधार्थ गावोगाव हिंडणारा एक. आणि हाती काय येणार हे ठाऊक नसतानाही हात पुढे करणारा दुसरा. तिकिटे, नाणी, शंखशिंपले यांचे छंद बहुतांशी पहिल्या वर्गात मोडतात. आज ज्या छंदाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे तो दुसऱ्या वर्गातला असून त्याचे माहेर जपान हे आहे.

तेथील दुकानांच्या दारांत, रेल्वे स्थानकांच्या वाटांवर आणि बाजारपेठांच्या जिन्यांखाली एकावर एक रचलेल्या चौकोनी पेट्या दिसतात. पेटीच्या वरच्या भागात पारदर्शक भिंतीआड रंगीबेरंगी गोल कुप्या भरलेल्या असतात व खाली नाणे घालण्याची खाच आणि एक दट्ट्या असतो. खाचेत शंभर येनची ठराविक नाणी बसवून दट्ट्या फिरवला की आतील चकती फिरते आणि एक कुपी खालच्या तोंडातून बाहेर घरंगळते. कुपीत चिमुकले खेळणे असते. कोणते, ते पेटीवरील चित्रावरून अंशतःच कळते. कारण चित्रात पाच-सहा प्रकार दाखवलेले असतात आणि त्यांतला आपल्या वाट्याला कोणता येईल हे त्या चकतीच्या हाती. जुन्या धाटणीच्या या पेटीला विजेची तार लागत नाही. नाणे स्वतःच आतील अडसर दूर सारते व दट्ट्याला मोकळे करते. लहान आकाराचे नाणे घातल्यास दट्ट्या जागचा हलत नाही. इतक्या साध्या रचनेमुळेच ही पेटी कोणत्याही कोपऱ्यात ठेवता येते.

जपानी लोक तिला ‘गाचापोन’ म्हणतात. ‘गाचा’ हा दट्ट्या फिरवतानाचा आवाज आणि ‘पोन’ हा कुपी पडतानाचा. खडखड, टपकन, धाडकन अशा नादशब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीच्या भाषकाला या नावाचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागू नये.

या पेटीचे मूळ मात्र अमेरिकेतले आहे. तेथे चघळण्याच्या गोंदाच्या गोळ्या आणि बारीकसारीक खेळणी अशा पेट्यांतून विकली जात. ती खेळणी तयार करून पाठविणाऱ्या जपानी व्यापाऱ्यांत र्‍यूझो शिगेता हे एक होते. आपला माल तिकडे कशासाठी जातो हे कळल्यावर त्यांनी ती यंत्रेच जपानात आणविली. हे वर्ष १९६५. आरंभी एका फेरीची किंमत दहा येन होती. खेळणे उघडे न विकता प्लास्टिकच्या कुपीत घालून विकण्याची रीत त्यांनी तेथे रुजविली, आणि पुढे हीच कुपी या धंद्याची ओळख ठरली. १९७७ साली बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने शंभर येनची यंत्रे बाजारात आणली. किंमत चढली तसा मालाचा दर्जाही सुधारला. १९८३ मध्ये ‘किन्निकुमान’ या कुस्तीगिरांच्या चित्रकथेतील पात्रांच्या रबरी बाहुल्या निघाल्या. नाव खोडरबराचे, परंतु खोडण्याच्या कामी त्या जवळजवळ निरुपयोगी! तरीही चारशेहून अधिक प्रकारांच्या सुमारे १८ कोटी बाहुल्या खपल्या, असे सांगतात.

यंत्रमानवांचा प्रवेश झाला तो यानंतर लगेचच. १९७९ साली जपानी दूरदर्शनवर योशियुकी तोमिनो यांची ‘गंडाम’ ही चित्रमालिका सुरू झाली. प्रेक्षक कमी म्हणून ती ठरल्यापेक्षा लवकर, त्रेचाळिसाव्या भागाशी आटोपती घ्यावी लागली. पण पुनःप्रक्षेपणात तिने मुलांना असे वेड लावले की १९८० च्या जुलैत निघालेले तिचे जुळणीचे संच दुकानांत पुरेनासे झाले. काटेकोर बोलायचे तर तिच्यातील आकृतींना यंत्रमानव म्हणणे बरोबर नव्हे. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला, तो स्वतः काम करणाऱ्या कृत्रिम मानवासाठी. गंडामच्या पोटात माणूस बसलेला असतो. म्हणजे ते खरे तर अवाढव्य चिलखतच. पण रूढ शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही. याच आकृतींची, डोके मोठे व हातपाय आखूड केलेली गमतीदार रूपे १९८५ पासून कुप्यांतून मिळू लागली आणि तेथून ही परंपरा अखंड चालू आहे.

आता या छंदातील खऱ्या अडचणीकडे वळू. तो पैशाचा प्रश्न आहे, आणि घरात मुले असली म्हणजे नुसता पैशाचाही राहत नाही.

समजा, एका मालिकेत सहा प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार निघण्याचा संभव सारखाच आहे. सहाही प्रकार जमविण्यास सरासरी किती फेऱ्या लागतील? घाईने उत्तर देणारा म्हणेल, सात किंवा आठ. गणिताचे उत्तर वेगळे आहे. पहिली कुपी नवी असणारच. दुसऱ्या नव्या प्रकारासाठी सरासरी सहाला पाचाने भागून येणाऱ्या फेऱ्या, तिसऱ्यासाठी सहाला चाराने भागून, असे करीत शेवटच्या प्रकारासाठी तब्बल सहा फेऱ्या लागतात. सर्वांची बेरीज १४.७ येते. त्यांतल्या नऊ फेऱ्या एकट्या शेवटच्या दोन प्रकारांपायी खर्ची पडतात, हे विशेष ध्यानात घ्यावे. सहा फेऱ्यांत सहाही वेगळे निघण्याचा संभव शंभरात दीड एवढाच आहे. एका फेरीला पाचशे येन पडत असतील तर संपूर्ण संच सरासरी ७,३५० येनला पडला. प्रत्यक्षात दुकानदार पेटीत सर्व प्रकारांचा मिश्र भरणा करतो, त्यामुळे एकाच पेटीतून लागोपाठ काढणाऱ्याला द्विरुक्तीचा त्रास काहीसा कमी होतो. पण दर आठवड्याला एक नाणे घेऊन येणाऱ्या मुलाचा अनुभव या गणिताच्या पुष्कळ जवळ जाणारा असतो.

‘आता एकच राहिला’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे. मुलाला वाटते, आपण शिखराच्या एक पायरी खाली आहोत. वस्तुतः खर्चाचा मोठा वाटा अजून पुढेच असतो. या ओढीचा व्यापारी उपयोग किती दूर जाऊ शकतो हे जपानमध्येच दिसून आले. भ्रमणध्वनीवरील खेळांनी गाचाची ही कल्पना उचलली आणि नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमविल्यासच दुर्मिळ बक्षीस देण्याची प्रथा पाडली. तेथे दट्ट्या नाही, नाणे नाही, पेटी रिकामी होण्याचीही भीती नाही. बोट टेकविले की झाले. मुलांच्या हातून झालेल्या खर्चाच्या तक्रारी वाढल्या, आणि मे २०१२ मध्ये तेथील ग्राहक व्यवहार खात्याने हा प्रकार कायद्याने निषिद्ध बक्षिसांत मोडतो असे जाहीर केले. रस्त्यावरची पेटी त्या मानाने पुष्कळ सोज्ज्वळ म्हटली पाहिजे. खिशातली नाणी संपली की तिचा मोहही तेथेच थांबतो, आणि प्रत्येक फेरीला काहीतरी वस्तू हाती पडते. पण पुष्कळदा ती आपल्याकडे आधीच असलेली वस्तू असते, हेही तितकेच खरे.

आणि येथेच या यंत्रमानवांचे वैशिष्ट्य प्रकट होते. एकसंध रबरी बाहुली दुसऱ्यांदा निघाली तर ती अडगळ. फार तर मित्राशी अदलाबदल करावी. परंतु ज्या यंत्रमानवाचे डोके, दंड, पाय, पाठीवरील अग्निबाणाचे ओझे आणि हातातील शस्त्र सुटे करून दुसऱ्याला बसविता येतात, त्याची द्विरुक्ती म्हणजे सुट्या भागांची भरच होय. दोन सारखे सैनिक मिळाले तर एकाचे हात दुसऱ्याच्या खांद्यांवरील वाढीव जोडणीला लावून चतुर्भुज योद्धा करावा; तीन मिळाले तर एक तुकडी उभी राहिली. २०१६ साली बांदाईने सुरू केलेली ‘मोबाइल सूट आँसांब्ल’ ही कुपीमालिका याच तत्त्वावर उभी आहे. बोटाएवढ्या उंचीच्या आकृती, सांध्यांत हलणारे अवयव, आणि मालिकेच्या भागांत कधी एखादी कुपी निव्वळ शस्त्रांची. ज्याला नशिबाने शस्त्रांचीच कुपी दोनदा दिली, तो नाराज होत नाही.

या अदलाबदलीला जुना वारसा आहे. १९७४ साली ताकारा कंपनीने ‘मायक्रोमॅन’ या सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या काढल्या, त्यांच्या जोडण्या ५ मिलिमीटर व्यासाच्या होत्या; एका खेळण्याचा भाग दुसऱ्याला बसे. आजच्या जपानी जुळणीच्या खेळण्यांत ३ मिलिमीटरची खुंटी हे जवळजवळ अलिखित प्रमाण झाले आहे. नळाचे आटे सारखे असावेत, तसेच हे. एकदा माप ठरले की वेगवेगळ्या मालिकांचे, प्रसंगी वेगवेगळ्या कंपन्यांचेही भाग एकत्र नांदू लागतात आणि संग्राहकाचा कारागीर होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या छंदाचा सर्वांत मोठा गुण हाच. नशिबाकडून आलेला कच्चा माल आपल्या कल्पनेने वापरावयाचा असेल, तर ‘संच पूर्ण’ करण्याची निकडच उरत नाही.

ज्यांना हे काम हाती घ्यावयाचे असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. या आकृतींत सामान्यतः दोन प्रकारचे प्लास्टिक असते : सांध्यांसाठी कठीण व शस्त्रे, कवचे इत्यादींसाठी मऊ. मऊ भाग कुपीत दाबले गेल्याने वाकतात. वाकलेली तलवार कढत पाण्यात थोडा वेळ धरावी, सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवावी. ती बहुधा तशीच राहते. घट्ट सांधा जोर लावून ओढण्यापूर्वी हाच उपाय करावा. मऊ प्लास्टिकवर तैलरंग लावू नयेत. त्या प्लास्टिकमधील मार्दवद्रव्य वर येते आणि रंग महिनोन्‌महिने चिकट राहतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग, पातळ करून दोन-तीन हातांत द्यावेत. मऊ भाग कठीण प्लास्टिकच्या पेटीत वर्षानुवर्षे टेकवून ठेवल्यास पेटीला डाग पडून ती विरघळल्यासारखी होते, म्हणून खाली कागद घालावा. पांढऱ्या आकृतींना उन्हापासून जपावे. त्या पिवळ्या पडतात. तीन वर्षांखालील बालकाच्या हाताशी हे भाग ठेवणे धोक्याचे, आणि यांतील अनेक मालिका पंधरा वर्षांवरील वयासाठी म्हणून विकल्या जातात हे पालकांनी जाणून असावे.

अशा मालिका बहुधा एकदाच निघतात व पेटी रिकामी झाली की तिच्या जागी दुसरी येते. हुकलेला नमुना हवा असेल तर तोक्योच्या आकिहाबारा पेठेत काचेच्या कप्प्यांतून उघडलेल्या आकृती किंमत लावून मांडलेल्या असतात. शेवटच्या एका प्रकारासाठी आणखी सहा फेऱ्या करण्यापेक्षा दुप्पट किंमत देऊन तोच विकत घेणे हिशेबाने स्वस्त पडते. येथे कपाळावरचा नशिबाचा शिक्का पुसला जातो, त्याबरोबर थोडी गंमतही जाते, आणि यांतले काय अधिक मोलाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. याच शहराच्या इकेबुकुरो भागात २०२१ साली तीन हजारांहून अधिक पेट्यांचे एकच दालन उघडले. ३,०१० ही संख्या त्या वेळी जागतिक उच्चांक म्हणून नोंदली गेली. नारिता विमानतळावरही २०१६ पासून अशा पेट्या मांडल्या गेल्या, परदेशी पाहुण्यांच्या खिशात उरलेली नाणी तेथेच खर्च व्हावीत म्हणून.

जपानी कारखान्याची चिमुकली वस्तू आणि भारतीय संग्राहक यांची गाठ तशी नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोबे व ओसाका येथून काडेपेट्या मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येत आणि त्यांच्या छापांवर आपल्या देवदेवतांची चित्रे असत. काड्या विझल्या, पेट्या फेकल्या गेल्या. छाप मात्र हौशी लोकांनी वह्यांत चिकटवून ठेवले.

गाचापोनची कुपी हीदेखील अशीच फेकण्याची वस्तू, आणि प्लास्टिकची असल्याने तिचा प्रश्न अधिक बिकट. जपानी दुकानांत पेट्यांच्या शेजारी रिकाम्या कुप्या परत टाकण्यासाठी डबे ठेवलेले असतात. ग्राहक तेथेच कुपी उघडतो आणि टरफल टाकून खेळणे नेतो. याहून चतुर तोड २०१८ साली निघाली. ओल्या दगडाखाली सापडणारा, स्पर्श होताच अंगाची गोळी करणारा जो किडा असतो, त्याची प्रत्यक्षाच्या सुमारे दहापट मोठी प्रतिकृती पेटीत भरण्यात आली. तिची पाठ मिटली की ती स्वतःच गोल होते व कुपीविनाच चकतीवरून घरंगळत खाली येते. बाहेर काढून उलगडली की चौदा पाय.