तीन बोटांची भरपाई: कामगाराच्या अपंगत्वाचे गणित

फरीदाबाद आणि मानेसर असो की पुण्याजवळचे चाकण आणि भोसरी, मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या पट्ट्यांत पॉवर प्रेसखाली बोटे सापडण्याचे अपघात नवे नाहीत. अशा अपघातात एका हाताची तीन बोटे गमावलेल्या कामगाराला किती रक्कम मिळेल, या प्रश्नाचे एकच उत्तर मात्र देता येत नाही. कामगार राज्य विमा योजनेत आहे की नाही, त्याचे वय काय, मजुरीचा पुरावा कोणता आणि अपघाताची तारीख कोणती, यांवर आकडा लाखांनी बदलतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा या संहितेत सामावले गेले. हिशोबाचा सांगाडा मात्र जुनाच राहिला आहे.

या व्यवस्थेत दोन वाटा आहेत आणि एकाच दुखापतीसाठी दोन्ही वाटांनी जाता येत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा कामगार राज्य विमा योजनेत येतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची असून अपंग कामगारांसाठी ती २५,००० रुपये आहे. योजनेबाहेर राहणाऱ्यांची भरपाई थेट मालकावर पडते. मालकाने विमा उतरवला असेल तर ती विमा कंपनी देते. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही; त्याने आधी भरपाई द्यायची आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करायची, अशी तरतूद आहे.

मालकाच्या भरपाईचे सूत्र कागदावर सोपे आहे. संपूर्ण कायम अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरवून दिलेल्या गुणकाने गुणायचे. (मृत्यू झाल्यास ५० टक्के धरतात.) तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ असतो, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९ आणि साठाव्या वर्षी ११७.४१. वय वाढेल तशी कमाईची उरलेली वर्षे घटतात, हा त्यामागचा विचार.

अपंगत्व अंशतः असेल तर या रकमेचा काही टक्के भाग मिळतो. कोणत्या अवयवासाठी किती टक्के, याची यादी अनुसूचीत आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेल्यास २०, तीन गेल्यास ३०, चारही गेल्यास ५०. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२, करंगळी गेली तर ७. हात खांद्याच्या सांध्यातून कापावा लागला तर ९० टक्के. खांद्यापासून २०.३२ सेंटिमीटर, कोपरापासून ११.४३ सेंटिमीटर अशी विचित्र मापेही या यादीत आढळतात. ती मूळची आठ इंच आणि साडेचार इंच आहेत. माप दशमान झाले, यादी तीच राहिली.

आता तीन बोटांचा हिशोब मांडता येतो. कामगार तीस वर्षांचा आहे आणि त्याला २८,००० रुपये मिळतात असे धरू. पण भरपाईसाठी वेतन २८,००० धरले जात नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ही मर्यादा १५,००० रुपये ठरवली. प्रत्यक्ष वेतन त्याहून कितीही जास्त असले तरी हिशोब तेवढ्यावरच होतो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. गुणकाने गुणल्यावर १८,७१,८२० रुपये होतात आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. हाच कामगार पन्नास वर्षांचा असता तर ४,१३,३४३ रुपये मिळाले असते.

राज्य विमा योजनेचा हिशोब वेगळ्या पायावर उभा आहे. तेथे एकरकमी भरपाईऐवजी आयुष्यभर मासिक रक्कम मिळते आणि वयाचा गुणक लागत नाही. सरासरी दैनिक मजुरीच्या ९० टक्के हा पूर्ण दर असतो आणि वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता जितके टक्के घटली असे ठरवते, तितका भाग दिला जातो. सोयीसाठी दैनिक मजुरी ५०० रुपये धरली तर पूर्ण दर ४५० होतो आणि ३० टक्क्यांच्या अपंगत्वाला रोज १३५ रुपये, म्हणजे वर्षाला ४९,२७५ रुपये मिळतात. वरच्या उदाहरणातील ५,६१,५४६ रुपये या गतीने साडेअकरा वर्षांच्या आत पुरे होतात आणि त्यानंतरही रक्कम चालूच राहते. महागाई पाहून महामंडळ या लाभात वेळोवेळी वाढही करते. तीस वर्षांच्या कामगारासाठी कोणती वाट अधिक हिताची, हे सांगायला फारशी आकडेमोड लागत नाही.

खरी विसंगती या दोन मर्यादांच्या मधल्या पोकळीत आहे. २०,००० रुपये वेतनाच्या विमाधारक कामगाराला संपूर्ण अपंगत्व आल्यास महिन्याला सुमारे १८,००० रुपये आयुष्यभर मिळतात. त्याच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा, २८,००० रुपये घेणारा कुशल कामगार विमा योजनेबाहेर असतो. तीस वर्षांचा असेल तर त्याला एकदाच १८,७१,८२० रुपये मिळतात. ही सारी रक्कम सात टक्के व्याजाने बँकेत ठेवली तरी महिन्याला १०,९०० रुपयांच्या आसपासच हाती येतात. अधिक वेतन घेणाऱ्याला कमी संरक्षण, असा हा उलटा न्याय आहे. भरपाईची वेतनमर्यादा सावकाश हलते, हे त्याचे मुख्य कारण. डिसेंबर २००० मध्ये ती ४,००० रुपये झाली, मे २०१० मध्ये ८,००० आणि २०२० मध्ये १५,०००. दरम्यानच्या दहा वर्षांत वेतन आणि महागाई कुठे जाते, याची दखल सूत्र घेत नाही. शिवाय नवी मर्यादा जुन्या अपघातांना लागू होत नाही. अपघाताच्या दिवशी जो नियम असेल तोच धरायचा, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येही कायम ठेवली.

टक्केवारीचा वाद त्याहून जुना. अनुसूची अवयव मोजते. कायद्याला मोजायची असते कमाईची क्षमता. सिनेमागृहात काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे ते संपूर्ण अपंगत्व ठरत नव्हते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के मानायला हवे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंग देव खटल्यात दिला. अर्धशतक झाले तरी भरपाईच्या सुनावण्यांत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. डॉक्टरच्या दाखल्यावर ‘हाताचे ४० टक्के अपंगत्व’ असे लिहिलेले असते आणि विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. हमाल, गवंडी किंवा वाहनचालक यांच्यासाठी ते ४० टक्के म्हणजे रोजगाराचा शेवट असू शकतो. अनुसूचीत नसलेल्या दुखापतींमध्ये तर सारा भार डॉक्टरच्या मतावर असतो, आणि त्या डॉक्टरला कामगाराचा नेमका व्यवसाय कोणी सांगितलेला असतोच असे नाही.

त्याच १९७५ च्या निकालाने आणखी एक गोष्ट ठरवली. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आयुक्तांनी आदेश दिल्यावर नव्हे. एका महिन्यात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि, उशिराला सबळ कारण नसेल तर, ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो. व्याज विमा कंपनीकडून वसूल होऊ शकते. दंड मालकाने स्वतः भरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्यात व्याजाचा आकडा मूळ रकमेच्या जवळ पोहोचतो, तो याचमुळे.

तात्पुरत्या अपंगत्वात मालकाने दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त पाच वर्षे द्यायची असते. राज्य विमा योजनेत तात्पुरत्या काळातही दर ९० टक्केच राहतो.

नव्या संहितेने हिशोबाच्या एका मुळाला हात घातला आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर जादा भाग वेतनात धरायचा आहे. मूळ वेतन ७,००० आणि उरलेले १३,००० भत्ते, अशी पगारचिठ्ठी दाखवून भरपाई कमी करण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद होतो. या उदाहरणात वेतन १०,००० धरावे लागेल. ज्यांचे वेतन आधीच १५,००० च्या वर आहे त्यांना, ती मर्यादा बदलत नाही तोवर, या व्याख्येचा उपयोग नाही. आणि ज्यांना मजुरी रोख, पावतीविना मिळते, त्यांच्यापुढचा प्रश्न तर व्याख्येच्याही आधीचा आहे. वीटभट्टीवरच्या किंवा बांधकामावरच्या मजुराला आयुक्तांसमोर आधी आपण तेथे कामाला होतो हेच सिद्ध करावे लागते, आणि ते झाल्यावर बहुधा किमान वेतनाचा दर धरूनच त्याच्या बोटांचा हिशोब होतो.