राखणदाराची खिडकी

परवा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सर्व्हरचा अँटीव्हायरस बसवला. कुठलं मशीन अपडेट झालं, कुठे व्हायरस सापडला, सगळं ब्राउझरमध्ये एका पानावर. शेठ म्हणाले, "हे मला उल्हासनगरला घरूनही दिसायला हवं." राउटरवर पोर्ट उघडणं दोन मिनिटांचं काम. पण मी नाही म्हटलं. त्या पानात जो शिरेल, तो अँटीव्हायरस बंदही करू शकेल! ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या ॲपेक्स वनच्या अशाच कन्सोलमध्ये पासवर्डशिवाय घुसता येईल अशी त्रुटी निघाली, तिच्यावर हल्ल्याचा प्रयत्नही झाला. शेवटी व्हीपीएन लावून दिलं. शेठ कुरकुरले, "अजून एक पासवर्ड?" बदलापूर लोकलमध्ये वाटलं, दाराला कुलूप लावून किल्ली कुंडीखाली ठेवणारे आपणच नाही का?