वीतभर अंतर



दोन शतांश सेकंद म्हणजे नेमका किती वेळ? आमच्या धंद्यात त्याला वीस मिलिसेकंद म्हणतात. डेटाबेसला एक साधी क्वेरी मारली आणि उत्तर वीस मिलिसेकंदांत आलं तर कोणी तक्रारही करत नाही आणि कौतुकही करत नाही. ११ फेब्रुवारी १९७२ रोजी जपानमधल्या साप्पोरो इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मात्र तेवढ्याच वेळाने बायकांच्या स्लॅलमचं सुवर्णपदक ठरलं. बार्बरा कॉक्रन, अमेरिका: १ मिनिट ३१.२४ सेकंद. दानिएल देबर्नार, फ्रान्स: १ मिनिट ३१.२६ सेकंद.

मी हा हिशोब अंतरात करून पाहिला. स्लॅलममध्ये वेग साधारण ताशी चाळीस किलोमीटर धरला, तर दोन शतांश सेकंदात माणूस बावीस सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे आपली एक वीत. दीड मिनिट डोंगरावरून नागमोडी खाली यायचं, तेही दोन हप्त्यांत, आणि शेवटी फरक किती, तर एक वीत!

ज्यांनी स्लॅलम टीव्हीवर ओझरतं पाहिलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फाच्या उतारावर काठ्यांची फाटकं रोवलेली असतात, जवळजवळ आणि आलटून पालटून. प्रत्येक फाटकातून दोन्ही पाय गेले पाहिजेत, एक चुकलं की बाद. दोन फेऱ्या होतात, दुसऱ्या फेरीसाठी फाटकं नव्याने मांडतात आणि दोन्ही वेळांची बेरीज करतात. आजचे खेळाडू त्या काठ्यांना नडगीने आणि हाताने सरळ धडक देतात, कारण काठी बुडाशी बिजागरीवर वाकते. ती सोय ऐंशीच्या दशकात आली. १९७२ साली काठी बांबूची होती आणि बांबू वाकत नसे. त्याला वळसा घालूनच जावं लागे.

त्या दिवशी टेइने डोंगरावर हवा खराब होती, बर्फ पडत होता, आणि कितीतरी जणी खाली पोचल्याच नाहीत. पहिल्या फेरीत बार्बरा तीन शतांशांनी पुढे होती. दुसऱ्या फेरीत सतरा वर्षांची देबर्नार तिच्यापेक्षा एक शतांशाने सरस ठरली. तीन वजा एक, उरले दोन. अमेरिकेला वीस वर्षांनी अल्पाइन स्कीइंगमधलं सुवर्ण मिळालं. बायकांच्या स्लॅलममध्ये त्याआधी फक्त दोघी जिंकल्या होत्या, १९४८ साली ग्रेचेन फ्रेझर आणि १९५२ साली अँड्रिया मीड लॉरेन्स. बार्बरानंतर चौथी उगवायला २०१४ साल उजाडलं, ती मिकेला शिफ्रिन.

आता ती वीत आली कुठून, हे बघू.

बॉस्टनहून माँट्रियलला गाडीने गेला असाल तर आय-८९ वरून तुम्ही व्हरमाँटमधल्या रिचमंड गावाशेजारून गेला आहात. बर्लिंग्टन यायच्या थोडं अलीकडे. तिथे मिकी आणि जिनी कॉक्रन या जोडप्याने एक जुनं शेतघर घेतलं. मिकी पेशाने इंजिनिअर. घरामागे टेकडी होती. १९६१ च्या सुमारास त्याने त्या टेकडीवर चारशे फुटांचा रोप टो बसवला. रोप टो म्हणजे आपल्या विहिरीवरच्या राहाटाचा लांबचा चुलतभाऊ. दोन टोकांना चाकं, त्यावरून अखंड फिरणारा जाड दोर, आणि दोर ओढायला इंजिन. दोर घट्ट धरायचा, तो तुम्हाला वर ओढत नेतो. हातमोज्यांची चाळण होते, दंड भरून येतात. अमेरिकेतला पहिला असा दोर १९३४ साली व्हरमाँटमध्येच, वुडस्टॉक गावात, फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर चालला होता. त्यामुळे मिकीने काही नवा शोध लावला नव्हता. त्याने तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर आणला.

त्या घरात चार मुलं: मॅरिलिन, बार्बरा, बॉब आणि लिंडी. शाळेतून आलं की टेकडीवर. पुढे दिवे लावले, मग अंधार पडल्यावरही सराव. वर जा, खाली या, परत वर जा.

टेकडी केवढी? उंचीतला फरक साधारण साडेतीनशे फूट. पर्वती डोळ्यांसमोर आणा, त्याच जातीचं प्रकरण. गंमत अशी, की ऑलिंपिकच्या स्लॅलमला सध्याच्या नियमाप्रमाणे निदान १४० मीटरचा उतार लागतो. म्हणजे साडेचारशे फुटांच्या वर. जिथे ऑलिंपिक विजेती तयार झाली त्या टेकडीवर ऑलिंपिकची शर्यत मावतच नाही!

पण इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघितलं तर हे कोडं राहत नाही. स्लॅलम हा छोट्या वळणांचा खेळ आहे. वळण घोटून घ्यायला मोठा डोंगर लागत नाही, खूप वळणं लागतात. मोठ्या रिसॉर्टमध्ये लिफ्टच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहायचं आणि एकदा खाली यायचं. इथे रांग नाही, दोर धरला की लगेच वर. त्याच वीस मिनिटांत किती खेपा होतील, तुम्हीच मोजा. लिंडसी वॉनही मिनेसोटातल्या बक हिल नावाच्या सुमारे तीनशे फुटांच्या टेकडीवर अशीच घडली. कोल्हापूरकरांना हे समजवायला नको. पैलवान मैदानात दिसतो, पण घडतो तालमीत, आणि तालीम बहुतेक वेळा एका खोलीएवढीच असते.

मिकीचं दुसरं काम घड्याळाचं. शर्यतीत वेळ कधी सुरू होते? शिट्टी वाजल्यावर नाही. खेळाडूच्या नडगीसमोर एक छोटी आडवी कांडी असते, ती पायाने ढकलली गेली की घड्याळ चालू. मिकीने मुलांना शिकवलं की आधी वरचं अंग पुढे झोकायचं, सगळा भार उताराकडे न्यायचा, आणि पाय शेवटी कांडीला लागला पाहिजे. म्हणजे घड्याळ सुरू होतं तेव्हा तुम्ही आधीच धावत असता. यात फसवणूक नाही, कायद्यात बसणारी गोष्ट आहे. पण बापाने पोरीला बर्फात पुन:पुन्हा उभं करून हे घोटून घेतलं होतं, आणि फरक दोन शतांशांचाच होता. वीत कुठून आली असेल, याचा माझा अंदाज मी सांगून टाकला.

बाकीच्या तिघांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मोठी मॅरिलिन १९६९ साली विश्वचषकात जायंट स्लॅलमची विजेती ठरली. बार्बराने १९७० साली इटलीतल्या व्हाल गार्डेनाच्या जागतिक स्पर्धेत स्लॅलमचं रौप्य घेतलं. बॉब १९७२ च्या ऑलिंपिक संघात बहिणींबरोबर होता आणि १९७३ साली ऑस्ट्रियातल्या प्रसिद्ध हानेनकाम स्पर्धेत कंबाइंड प्रकाराचा विजेता झाला. धाकटी लिंडी १९७६ साली इन्सब्रुकला स्लॅलममध्ये सहावी आली. एका घरातली चारही मुलं ऑलिंपिकला!

इथे मित्रमंडळींपैकी कोणीतरी म्हणणार, "अरे, बाप इंजिनिअर, कोचही तोच, घरामागे टेकडी. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, आम्ही काय पार्किंग लॉटमध्ये रोप टो लावायचा?" आक्षेप रास्त आहे. आपल्यातलं कोणी टेकडी विकत घेणार नाही, आणि घेतली तरी होमओनर्स असोसिएशन दोर लावू देणार नाही. शिवाय त्याच टेकडीवर गावातली शेकडो मुलं घसरली आणि त्यांतली बहुतेक सगळी साधी, सुखी माणसं झाली. टेकडीतून पदकं निघतात असा सिद्धांत मांडायचा नाहीये.

मला महत्त्वाचं वाटतं ते साप्पोरोनंतरचं.

बार्बरा फार वर्षं शर्यतीत राहिली नाही. युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटमध्ये शिकली, शिक्षिका झाली. आणि परत त्याच टेकडीवर आली. दरम्यान आई जिनीने गावातल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. आधी शेजारची पोरं, मग शाळेची, आणि बघता बघता घरामागचा उतार गावाचा झाला. बार्बराबाईंनी तिथे तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे वर्ग चालवले, 'स्की टॉट्स' नावाने. त्यातली मेख ऐका: या वर्गात आईबापांना सोबत बर्फात उतरावं लागतं. बाई आईबापांना शिकवतात की मुलाला कसं शिकवायचं. पोराला सोडून कॉफी प्यायला जायची सोय नाही.

मी हे वाचलं तेव्हा थोडा अस्वस्थ झालो. आपले शनिवार आठवा. सकाळी पोहणं, अकराला बुद्धिबळ, दुपारी कुमॉन, संध्याकाळी तबला नाहीतर भरतनाट्यम. आपण गाडी चालवतो, चेक लिहितो आणि बाहेर लॅपटॉप उघडून बसतो. यात प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण शिकवायचं काम आपण आउटसोर्स केलंय, आणि आउटसोर्सिंगमध्ये काय जातं ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक? काम होतं, पण त्या कामाची जाण आपल्याकडे राहत नाही.

आता खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा. वडील दादासाहेब स्वत: पैलवान, त्यांनीच लहानपणापासून घडवलं. १९५२ साली, अँड्रिया मीड लॉरेन्स जिंकली त्याच वर्षी, खाशाबांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्चासाठी गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग पोलिसातली नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पुढचं वैयक्तिक पदक भारताला १९९६ साली मिळालं, चव्वेचाळीस वर्षांनी. बाप तसाच होता, गाव तर रिचमंडपेक्षा दिलदार होतं. पण पदक आल्यावर त्या माणसाच्या हाती चार पोरं देऊन "यांना घडव" म्हणणारी व्यवस्था त्याच्याभोवती उभी राहिली नाही. पदक घरी राहिलं, तालीम वाढली नाही.

रिचमंडलाही हे आपोआप झालं नाही. न्यू इंग्लंडमध्ये बंद पडलेल्या छोट्यामोठ्या स्की टेकड्यांची नोंद ठेवणारे लोक आहेत, त्यांची यादी सहाशेच्या वर गेली आहे. कारणं बरीच. बर्फ कमी पडतो, कृत्रिम बर्फाला पाणी, वीज आणि पैसा लागतो. लोक हायवेवरून सरळ मोठ्या रिसॉर्टला जातात. त्यात विमा. व्हरमाँटमध्येच एका नवशिक्याला झालेल्या अपघाताच्या खटल्यात पंधरा लाख डॉलर्सची भरपाई द्यावी लागली, १९७८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि विम्याचा धसका सगळ्यांनी घेतला. घरामागच्या टेकडीचं यात काय टिकणार? कॉक्रन कुटुंबाने १९९८ साली टेकडी ना-नफा संस्था करून टाकली. धोरण साधं: पैसे नाहीत म्हणून मूल परत जाता कामा नये. तिसऱ्या पिढीतल्या भावंडांनी तिथेच मेपल सिरपचा धंदा काढला. आपल्याकडे उसाच्या रानात गुऱ्हाळ असतं तसं.

आणि तिसरी पिढी शर्यतीतही उतरली. बार्बराचा मुलगा रायन कॉक्रन-सीगल याच टेकडीवर वाढला. डिसेंबर २०२० मध्ये इटलीत बोर्मिओला त्याने विश्वचषकाची सुपर-जी शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात किट्झब्यूलला भयंकर पडला आणि मानेचं हाड मोडलं. वर्षभराने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकला सुपर-जीमध्ये त्याने रौप्य मिळवलं. ऑस्ट्रियाच्या मथियास मायरपेक्षा किती मागे? चार शतांश सेकंद. सुपर-जीत ताशी शंभरचा वेग धरला तर सव्वा मीटरच्या आत, म्हणजे अडीच हात.

बरोबर पन्नास वर्षांच्या अंतराने आई वीतभराने जिंकली, मुलगा अडीच हातांनी हुकला. ऑलिंपिकच्या तक्त्यात हा फरक सोन्याचा आणि चांदीचा. टेकडीवर या फरकाला काही किंमत नाही. तिथे दोघांनाही तोच दोर धरून वर जावं लागलं, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोरालाही.

वीतभर अंतर नशिबाचं असू शकतं. त्या दिवशी वारा जरा वेगळा असता तर आज आपण देबर्नारबाईंबद्दल बोलत असतो आणि बार्बराचं नाव दुसऱ्या ओळीत असतं. पण तरीही ती त्याच टेकडीवर परत आली असती, असं मला वाटतं. कारण टेकडी पदकाच्या आधीपासून होती आणि पदकासाठी नव्हती.

तेव्हा येत्या शनिवारी एक क्लास असा निवडा, जिथे आपल्यालाही मुलाबरोबर आत जाता येईल. येत नसेल तर आपणही शिकू. आणि हिवाळ्यात बर्लिंग्टनच्या बाजूला गेलात, तर मोठ्या रिसॉर्टच्या आधी रिचमंडला गाडी वळवा. हातमोजे मात्र जाड न्या, दोर कातडं सोलतो.

तूर्तास इतकंच.