सोंगाचा मान

शहरात नाटकवाला माणूस पायरी-पायरीने चढतो. आधी पडदे रंगवायचे, मग नेपथ्य करायचे, पुढे दिग्दर्शन. आणि केस पिकले की धर्मग्रंथांचा अभ्यास. पण आमच्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एक नाटक असे आहे की त्यात या सगळ्या पायऱ्या एकाच रात्रीत चढाव्या लागतात, आणि शेवटची सर्वांच्या आधी! त्याचे नाव बोहाडा.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची पौष पौर्णिमेची जत्रा आटोपली, पुढे होळीही झाली, की शहापूरच्या डोंगराकडच्या गावांपासून थेट जव्हार-मोखाड्यापर्यंत बोहाड्याचे दिवस येतात. (जव्हार-मोखाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, नकाशा बदलला, संबळ तोच राहिला.) जगदंबेचा हा उत्सव. पहिले सोंग गणपतीचे, मग शारदेचे. नंतर रामायण-महाभारतातली मंडळी एकामागून एक नाचून जातात आणि अखेर देवी व महिषासुर यांची लढाई होते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती, पुढे आरडाओरडा करणारे राक्षस, असे वर्णन सुरू झाले की शहापूरकडची मुले एकमेकांकडे पाहून हसू लागतात. परीक्षेसाठी पाठ करायची गोष्ट त्यांनी आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलेली असते. भावेही पदे रचीत, खेळ बसवीत आणि कळसूत्री बाहुल्या स्वतः घडवीत. तेव्हा एकाच माणसाने सगळे करणे आपल्या रंगभूमीला नवे नाही.

आता बोहाड्यातले नेपथ्य पाहा. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. ते मशालीच्या उजेडात लांबून दिसायचे, म्हणून डोळे मोठे आणि रंग भडक. ज्योत हलली की मुखवट्यावरची सावली हलते आणि लाकूड जिवंत होते. विजेच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच मुखवटा सपाट दिसतो.

आणि दिग्दर्शक? निम्मे दिग्दर्शन मुखवटाच करतो! तो चढवला की डोळे-ओठ झाकले जातात. राग-लोभ दाखवायला मान, खांदे आणि पाय एवढेच उरतात. बारीकशा फटीतून समोरचे कसेबसे दिसते, म्हणून पाऊल जपून आणि रुंद पडते. उरलेले काम संबळ करतो.

पण या सगळ्याआधी पूजा. मुखवट्याला हात जोडल्याशिवाय तो कोणी तोंडावर चढवत नाही. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराचे, असा पिढीजात मान असतो. पुराण पोथीतून नव्हे, कानातून आणि पायातून शिकायचे. सोंग घेणारा माणूस देवाची नक्कल करीत नाही. तेवढ्या वेळापुरता तो देवच असतो, आणि गाव त्याच्या पाया पडते.

वाचकहो, मला अस्वस्थ करते ती पुढची सकाळ. रात्री ज्याच्यापुढे गाव वाकले, त्यालाच सकाळी मजुरीसाठी दुसऱ्यापुढे वाकावे लागते. बोहाड्याचे दिवस तेच वीटभट्टीचे दिवस. ज्याने भट्टीमालकाची उचल घेतली आहे, त्याने नरसिंह व्हायला रजा कोणत्या तोंडाने मागावी? तो आला नाही तर सोंग दुसरा घेईलही. पण बापाचे पाऊल पाहून मुलगा शिकतो, ती साखळी तिथेच तुटते.

आपण शहरातली माणसे मात्र मुखवटा विकत आणून दिवाणखान्यात टांगतो आणि लोककला जपल्याचे समाधान मानतो. महोत्सवात दहा मिनिटांत चार सोंगे पाहून टाळ्या वाजवतो. मुखवटा विकत मिळतो. त्यामागचा मान मिळत नाही. तो गावाने द्यायचा आणि रात्रभर जागून द्यायचा.

५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आपण नटराजाची पूजा करतो. ती जरूर करावी. पण येत्या उन्हाळ्यात एखाद्या रात्री कसाऱ्याची गाडी पकडून आसनगावला उतरा, शहापुरात चौकशी करा, मुलांनाही बरोबर न्या. फोटो काढून मध्यरात्री परतू नका. देवीचे सोंग येईपर्यंत बसा. आणि ते आले की गावाबरोबर उठून उभे राहा.